ठेवीदाराच्या निधनानंतर मुदत ठेवीचे काय करावे: वारस, नॉमिनी आणि विश्वस्तांसाठी मार्गदर्शक

घरातील व्यक्तीच्या निधनानंतर तिच्या नावावरील मुदत ठेवींचा विषय निघतो, तेव्हा दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात आणि बहुतेक वादांचे मूळ तिथेच असते. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे हा पहिला प्रश्न, आणि ते पैसे अखेर कोणाच्या मालकीचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ठेवपावतीवरील नावे, खाते चालवण्याची सूचना आणि नामनिर्देशन यांवरून मिळते. दुसऱ्याचे उत्तर इच्छापत्रातून किंवा वारसा कायद्यातून मिळते. बँक केवळ पहिल्या प्रश्नाशी बांधील असते आणि योग्य व्यक्तीला पैसे दिले की तिची जबाबदारी संपते. मात्र पैसे स्वीकारणाऱ्याची जबाबदारी त्याच क्षणी सुरू होते. पुढील सर्व पायऱ्या हा फरक धरूनच वाचाव्यात.

पहिली पायरी: ठेवींची यादी करणे

कपाटातील पावत्या सापडल्या म्हणजे सर्व ठेवी सापडल्या असे समजू नये, कारण अलीकडच्या अनेक ठेवी मोबाईलवरून उघडलेल्या असतात आणि त्यांची कागदी पावती मुळात निघालेलीच नसते. बचत खात्याच्या पासबुकात दर महिन्याला किंवा तिमाहीला जमा होणाऱ्या व्याजाच्या नोंदी पाहाव्यात. त्याहून खात्रीचा स्रोत म्हणजे प्राप्तिकर खात्याकडील वार्षिक माहिती विवरण, ज्यात बँकांनी दिलेले व्याज आणि कापलेला कर यांच्या नोंदी बँकनिहाय असतात. वारसाने प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर मृत व्यक्तीचा प्रतिनिधी म्हणून नोंदणी केली की हे विवरण पाहता येते. कुटुंबाला ठाऊक नसलेल्या ठेवींचा पत्ता अनेकदा इथेच लागतो.

प्रत्येक ठेवीपुढे बँक व शाखा, ठेव क्रमांक, मुद्दल, व्याजदर, सुरुवातीची आणि मुदतपूर्तीची तारीख, व्याज दरमहा मिळते की मुदतीअखेर एकत्र, सहधारकांची नावे, नॉमिनीचे नाव आणि ठेवीवर काढलेले कर्ज असल्यास त्याची बाकी, इतका तपशील लिहावा. त्यासोबत निधनाच्या तारखेपर्यंत जमा झालेल्या व्याजाचा दाखला बँकेकडून लेखी मागून घ्यावा. वाटणीच्या आणि कराच्या हिशोबात तो सारखा लागतो.

मृत्यू दाखल्याच्या प्रती थोड्या जास्तच काढून ठेवाव्यात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते आणि दाखला महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांच्याकडून मिळतो. त्यावरील नाव आणि बँकेतील नाव अक्षरशः जुळते का, हे तेव्हाच तपासावे. बँकेत ‘सुमन’ आणि दाखल्यावर ‘सुमनबाई’, किंवा एके ठिकाणी माहेरचे आणि दुसरीकडे सासरचे नाव, असा फरक असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

दुसरी पायरी: बँकेला कळवणे, आणि त्याआधी काही न करणे

मृत व्यक्तीचा मोबाईल घरात असतो, पासवर्ड मुलांना ठाऊक असतो, आणि ओटीपी येतो म्हणून ठेव ऑनलाइन मोडून पैसे वळते करण्याचा मोह होतो. हेतू प्रामाणिक असला तरी हे करू नये. खातेदाराने दिलेले सर्व अधिकार त्याच्या मृत्यूबरोबर संपतात. कुलमुखत्यारपत्रही त्या क्षणापासून निरुपयोगी होते, मग ते नोंदणीकृत असो वा नसो. अशा रीतीने काढलेल्या रकमेचा जाब इतर वारस पुढे कधीही विचारू शकतात, आणि त्या वेळी ‘अंत्यविधीच्या खर्चासाठी काढले’ हे सांगणे सोपे असले तरी सिद्ध करणे कठीण जाते. झालेल्या खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात. अंत्यसंस्काराचा वाजवी खर्च मृताच्या संपत्तीतून सर्वांत आधी वळता करण्याची तरतूद भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये आहेच.

बँकेला मृत्यूची सूचना लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ठेव आपोआप नूतनीकरण होणारी असेल, तर नूतनीकरण थांबवायचे की चालू ठेवायचे याबद्दल बँकेचे म्हणणे त्याच पत्रात विचारावे. मुदत संपून ठेव नुसती पडून राहिली, तर तिच्यावर पुढे मूळ दर मिळेलच असे नसते.

तिसरी पायरी: आपला मार्ग ओळखणे

ठेव संयुक्त नावावर असून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी सूचना असेल, तर मुदतपूर्तीनंतर रक्कम हयात धारकाला मिळते. इथे एक बारकावा नवख्यांच्या लक्षात येत नाही. मुदतीपूर्वी ठेव मोडायची असेल, तर हयात धारकाला एकट्याने ती मोडू देण्याची संमती दोन्ही ठेवीदारांनी आधीच लेखी दिलेली असावी लागते. ती नसेल तर मृत धारकाच्या वारसांची सहमती लागते. ज्यांच्या संयुक्त ठेवी आज चालू आहेत त्यांनी ही संमती बँकेत नोंदवून ठेवावी. हे काम दोन सह्यांचे आहे, पण पुढे पंधरा सह्या गोळा करण्याचा त्रास वाचवते. संयुक्त ठेवीवरील नॉमिनीचा हक्क सर्व धारकांच्या मृत्यूनंतरच सुरू होतो, हेही ध्यानात ठेवावे.

एकट्याच्या नावावरील ठेवीला नॉमिनी असेल, तर काम सर्वांत सोपे. दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि नॉमिनीची ओळख व पत्ता यांचा पुरावा एवढ्यावर बँकेने पैसे द्यायचे असतात. रक्कम कितीही मोठी असली तरी अशा वेळी उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट (इच्छापत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र), क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे दुसऱ्या कोणी दावा केल्यास बँकेचे नुकसान भरून देण्याची लेखी हमी) किंवा जामीन मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. पैसे देण्यास मनाई करणारा न्यायालयाचा आदेश असेल तेवढाच अपवाद. नामनिर्देशनाचे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून बदलले असून आता एका ठेवीला जास्तीत जास्त चार नॉमिनी देता येतात. ते एकाच वेळी, प्रत्येकाचा टक्का ठरवून, किंवा एकामागून एक अशा क्रमाने देता येतात. पहिल्या प्रकारात टक्क्यांची बेरीज १०० झाली पाहिजे.

आता मालकीचा प्रश्न. नॉमिनी हा वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. केवळ नामनिर्देशनामुळे तो त्या पैशांचा मालक होत नाही. बँक ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. एक उदाहरण घेऊ. हिंदू पुरुषाचे इच्छापत्र न करता निधन झाले, मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि आई आहे, आणि १२ लाख रुपयांच्या ठेवीवर मुलगा नॉमिनी आहे. बँक पूर्ण १२ लाख मुलाच्या खात्यात जमा करील आणि तसे करणे योग्यच असेल. परंतु हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार ही चारही माणसे पहिल्या वर्गातील वारस असल्याने प्रत्येकाचा वाटा ३ लाख होतो, म्हणजे मुलाच्या खात्यातील ९ लाख रुपये इतरांचे असतात. या चौघांपैकी हमखास विसरली जाणारी व्यक्ती म्हणजे मृताची आई. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत, आई येते. वृद्ध आईचे नाव वारसांच्या यादीतून गळले, तर ती यादी चुकीची ठरते. हिंदू स्त्रीच्या संपत्तीचा क्रम वेगळा आहे: तिथे मुलगे, मुली आणि पती प्रथम येतात. ख्रिस्ती व पारशी कुटुंबांना १९२५ चा अधिनियम लागू होतो, तर मुस्लिम कुटुंबात वाटे त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतात.

इच्छापत्र असेल तर मालकी त्यानुसार ठरते, नॉमिनी कोणीही असो. इच्छापत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात; नोंदणी मात्र सक्तीची नाही. इच्छापत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाने, ज्याला बहुतेक जण एक्झिक्युटर म्हणूनच ओळखतात, आधी अंत्यविधीचा खर्च आणि देणी भागवून मगच उरलेल्या रकमेचे वाटप करावे. घाईने वाटप करून टाकले आणि मागाहून धनको उभा राहिला, तर वाटलेले पैसे परत मागण्याची पाळी येते.

तिसरा मार्ग सर्वांत लांबचा: नॉमिनी नाही आणि हयात सहधारकही नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनी ही प्रक्रिया बरीच सोपी केली असून त्यांच्या अंमलबजावणीसाठी बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली होती. दाव्याची रक्कम सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत असेल, तर सोपी कार्यपद्धती लागू होते. बँकेला स्वतःची मर्यादा याहून अधिक ठेवण्याची मुभा आहे. या मर्यादेत दावा अर्ज, मृत्यू दाखला, दावेदारांचे ओळखीचे पुरावे, दावेदारांचे क्षतिपूर्ती बंधपत्र, दावा न करणाऱ्या वारसांचे ना-हरकत पत्र आणि सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला लागतो. दाखला नसेल, तर कुटुंबाला चांगले ओळखणाऱ्या पण कुटुंबाशी संबंध नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या व्यक्तीचे वारसांबाबतचे निवेदन चालते. या मर्यादेत तिऱ्हाइताचा जामीन मागता येत नाही. रक्कम त्याहून मोठी असेल किंवा वारसांत वाद असेल, तर न्यायालयाच्या कागदाची तयारी ठेवावी.

न्यायालयाच्या कागदांबाबत गोंधळ फार आहे. १९२५ च्या अधिनियमाखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र हे मृताची येणी आणि रोखे वसूल करण्यासाठी असते, आणि बँकेतील ठेव हे कायद्याच्या दृष्टीने बँकेकडून येणेच असल्यामुळे ठेवींसाठी हेच प्रमाणपत्र उपयोगी पडते. महाराष्ट्रात मुंबई विनियम ८, १८२७ खालीही दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला मिळतो. त्यात वारस कोण हे मान्य केलेले असते. तलाठ्याकडील वारस नोंद ही मात्र महसुली नोंद आहे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे बँकेतही हक्क सिद्ध झाला, असे मानून कुटुंबे शाखेत येतात आणि निराश होऊन परततात.

वारसांपैकी कोणी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, असेल, तर त्याचा वाटा त्याच्याच नावे, पालकामार्फत चालणाऱ्या खात्यात किंवा ठेवीत ठेवावा. अज्ञान मुलाच्या वतीने हक्क सोडण्याचे पत्र घरगुती समजुतीने लिहून घेऊ नये. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा आणि गरज असल्यास न्यायालयाची परवानगी मिळवावी.

चौथी पायरी: ठेव मोडावी की चालू ठेवावी

दावा करताना ठेव मोडावीच लागते, असा समज आहे आणि तो अनेकांचे नुकसान करतो. वारसांनी विनंती केल्यास बँकेने ठेवीचे भाग पाडून प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र पावत्या द्यायच्या असतात. एकूण रक्कम आणि उरलेली मुदत तीच राहिली, तर ते दंडापुरते मुदतपूर्व मोडणे धरले जात नाही. ठेव चढ्या दराच्या काळात केलेली असेल आणि आज दर उतरलेले असतील, तर ती शेवटपर्यंत चालू ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मोडायचीच असेल, तर दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. मृत्यूमुळे मुदतीपूर्वी ठेव बंद केल्यास दंड आकारला जात नाही. पण व्याज साधारणपणे ठेव जितका काळ बँकेत राहिली तितक्या काळाला लागू असलेल्या दराने मिळते. समजा, ८ लाखांची ठेव पाच वर्षांसाठी ७.२५ टक्क्यांनी ठेवली होती आणि दीड वर्षाने ती बंद करायची आहे, तर त्या वेळी दीड वर्षाच्या ठेवीला असलेला ६.७५ टक्के दर लागू होईल. अर्ध्या टक्क्याच्या या फरकाने सरळ व्याजाच्या हिशोबात दीड वर्षात सुमारे ६,००० रुपये कमी मिळतील. कर्ज फेडायचे असेल किंवा वाटप लगेच हवे असेल, तर एवढी किंमत मोजायला हरकत नाही. केवळ ‘एकदाचे प्रकरण मिटवू’ म्हणून ती मोजू नये.

करबचतीच्या पाच वर्षांच्या ठेवीला एरवी मुदतीपूर्वी हात लावता येत नाही, परंतु ठेवीदाराच्या मृत्यूनंतर नॉमिनीला ती मोडता येते. ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर पुढील नूतनीकरणात वारसाच्या वयावर अवलंबून असतो. ठेवीवर कर्ज घेतलेले असेल, तर बँक आधी त्याची वसुली करते आणि उरलेली रक्कम देते.

ठेव विम्याचाही विचार इथेच करावा. एका बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरून, मुद्दल व व्याजासह, एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण मिळते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून वाढवण्यात आली. वारसाहक्काने आलेली ठेव स्वतःच्या नावावर करताना त्याच बँकेत आपली आधीची ठेव असेल, तर दोन्हींची बेरीज होते. पतसंस्थांतील ठेवींना हा विमा लागू नाही आणि रिझर्व्ह बँकेचे वर सांगितलेले निर्देशही नाहीत. तिथे संस्थेचे उपविधी आणि सहकार कायदा पाहावा लागतो.

कर

भारतात वारसा कर नाही. पूर्वीचा मृत्यू कर १९८५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे वारशाने आलेली मुद्दल उत्पन्नात धरायची नसते. व्याज मात्र करपात्र असते आणि त्याचे दोन तुकडे पाडावे लागतात. १ एप्रिलपासून निधनाच्या तारखेपर्यंतचे व्याज मृत व्यक्तीच्या उत्पन्नात जाते आणि तिचे शेवटचे विवरणपत्र वारसाने प्रतिनिधी म्हणून भरायचे असते. त्यापुढील व्याज वारसांच्या, किंवा वाटप होईपर्यंत व्यवस्थापकाकडील संपत्तीच्या, उत्पन्नात धरले जाते. बँकेला मृत्यू कळवला नसेल, तर सर्व व्याज आणि कापलेला कर जुन्याच पॅनवर नोंदवला जातो, आणि वारसाला कर भरावा लागूनही कापलेल्या कराचे श्रेय मिळण्यात अडचण येते. कर कापू नये म्हणून मृत व्यक्तीने दिलेले घोषणापत्रही तिच्या निधनानंतर विसंबण्यासारखे राहत नाही. वारस पात्र असल्यास त्याने स्वतःचे नवीन द्यावे.

ठेव ट्रस्टच्या नावावर असेल तर

ट्रस्टची ठेव विश्वस्ताच्या मृत्यूने कोणाच्याही वारशात जात नाही. पावतीवर विश्वस्ताचे नाव असले तरी तो ती ठेव ट्रस्टसाठी सांभाळत असतो, म्हणून अशा ठेवीला नॉमिनी देता येत नाही; नामनिर्देशन व्यक्तीने स्वतःसाठी ठेवलेल्या ठेवींपुरतेच असते. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या ठेवीलाही हेच लागू. विश्वस्त गेल्यास उरलेल्या विश्वस्तांनी ठराव करून, ट्रस्टच्या दस्तऐवजाची प्रत व नव्या नेमणुकीचा पुरावा जोडून बँकेतील सह्या बदलून घ्याव्यात. सार्वजनिक ट्रस्ट असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे दाखल करावा लागतो, आणि निधी कोठे गुंतवावा याची बंधने त्याच अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये दिलेली आहेत. चढ्या व्याजाच्या आशेने ट्रस्टचा निधी त्या चौकटीबाहेर ठेवणाऱ्या विश्वस्ताला नुकसान झाल्यास व्यक्तिशः जबाबदार धरले जाऊ शकते.

इच्छापत्राने निर्माण होणारा खाजगी ट्रस्ट असेल, उदाहरणार्थ अज्ञान नातवंडांसाठी, तर एक्झिक्युटरने ठेवीची रक्कम ट्रस्टच्या नव्या खात्यात, ट्रस्टच्याच पॅनवर वळती करावी. विश्वस्ताने ती स्वतःच्या बचत खात्यातून फिरवू नये, एका दिवसासाठीही नाही. विश्वस्त या नात्याने ठेवलेल्या ठेवीला विश्वस्ताच्या वैयक्तिक ठेवींपासून वेगळे विमा संरक्षण मिळते. पण ठेव तशा नावाने नोंदलेली असेल तरच.

जुन्या ठेवी आणि विलंब

दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागृती निधीत जमा करते. त्याने हक्क बुडत नाही. वारसाने दावा मूळ बँकेकडेच करायचा असतो आणि बँक पैसे देऊन ते निधीकडून परत मिळवते. अनेक बँकांतील अशा ठेवी एकत्र शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे ठेवीदाराचे नाव आणि पॅन, जन्मतारीख यांसारखा एखादा तपशील देऊन शोध घेता येतो.

सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास विलंबाच्या काळासाठी रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेला ‘बँक दर’ अधिक किमान ४ टक्के इतक्या दराने भरपाई देय होते. म्हणून कागदपत्रे देताना यादीवर तारखेसह पोच घ्यावी आणि काही कमी असल्यास ते लेखी कळवण्यास सांगावे. तोंडी ‘उद्या या’ यावर विसंबून राहिल्यास १५ दिवसांची मोजणी नेमकी कधी सुरू झाली हेच दाखवता येत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, आणि त्या तक्रारीला हीच पोचपावती जोडायची असते.